झाडांच्या नावांच्या पाट्या: सव्वाबारा रुपयांत एक, आणि पावसाळा काढलेली

आमच्या सोसायटीतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचं काम मी नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगावर घेतलं आणि शेवटची पाटी जानेवारी २०२५ मध्ये लागली. आता ऑक्टोबर २०२५ संपत आलाय. पाट्यांवरून एक उन्हाळा आणि एक लांबलेला पावसाळा गेला, तेव्हा कुठे त्यांच्याबद्दल खात्रीने काही लिहावं असं वाटतंय. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये हे काम कुणीतरी हौसेने सुरू करतं आणि वर्षभरात पाट्या कोऱ्या होतात. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर, खर्चासकट.

आमची सोसायटी कोथरूडमधली, चाळीसएक वर्षांची. आवारात ५३ मोठी झाडं आहेत. शिवाय कुंपणालगतची झुडपं, वेली आणि औषधी वनस्पतींचा वाफा मिळून ८४. कधीकाळी कुणीतरी पत्र्याच्या रंगवलेल्या पाट्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक गंजून गेल्या होत्या आणि खिळे खोडात तसेच राहिले होते. बकुळीच्या खोडात तर एक पाटी अर्धी गिळलेली होती. साल तिच्या कडेवरून पुढे सरकली होती आणि बाहेर उरलेल्या पत्र्यावर नुसता ‘कु’ दिसत होता. ते बघून मी समितीला पत्र दिलं.

पत्रात तीन गोष्टी मागितल्या: जुने खिळे काढायची परवानगी, नव्या पाट्यांसाठी थोडा निधी आणि माळीमामांचा आठवड्यातून दोन तास वेळ. पत्राची पोच घेतली. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. कारण जानेवारीत चेअरमन बदलले आणि नव्या समितीला विषय पहिल्यापासून सांगायची वेळ आली, तेव्हा ती सही-शिक्क्याची पोचच कामाला आली.

खिळे काढायचं काम लगेच सुरू झालं. सोपे होते ते पकडीने आले. खोल गेलेले मात्र आम्ही तसेच ठेवले, कारण ते उकरताना झाडाला जास्त जखम होते. नव्या पाट्याही खिळ्यानेच लावू, असं माळीमामांचं पहिलं म्हणणं होतं. “ताई, एक खिळा न् एक हातोडी, सकाळच्यात सगळी झाडं होतील.” मी त्यांना बकुळीजवळ नेलं आणि गिळलेली पाटी दाखवली. शिवाय कायदाही आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. त्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणं येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड हे वारसा वृक्ष धरलं जातं. आमच्या मागच्या बाजूची चिंच सोसायटी व्हायच्या आधीपासूनची, म्हणजे ती या वयात बसत असणार. समितीच्या टिपणात मी हे दोन्ही मुद्दे लिहिले. नंतर खिळ्याचा विषय कुणी काढला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेले, तेव्हा फुलांइतकंच लक्ष पाट्यांकडे होतं. कुठल्या पाट्या वाचता येतात, किती लांबून, अक्षर केवढं हवं, हे तिथे उभं राहून बघितलं. रस्त्यावरून जाताना वाचायची पाटी असेल तर मराठी नावाचं अक्षर बोटाच्या पेराएवढं तरी हवं. वनस्पतिशास्त्रीय नाव लहान चालतं, ते वाचणारा माणूस जवळ येतोच.

फेब्रुवारीच्या सभेत समितीने सांगितलं, “तीन कोटेशन्स आणा.” आणली. ॲक्रिलिकची छापील पाटी २८० रुपये, स्टेनलेस स्टीलवर लेझरने कोरलेली ४५० आणि सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, चिकटवलेलं व्हिनाइल ९० रुपये. सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. ॲक्रिलिकच्या हिशेबाने नुसत्या ५३ झाडांचेच साडेसतरा हजार होत होते. त्याच महिन्यात लिफ्टचं मोठं काम निघालं होतं, त्यामुळे हा आकडा ऐकून कुणी वर मानसुद्धा केली नाही. विषय ‘पुढील सभेत’ असा नोंदवला गेला. मला वाईट वाटलं, पण खजिनदार काकू सभेनंतर म्हणाल्या, “दोन हजारांच्या आत बसवलंस तर वार्षिक सभेत मी स्वतः मांडेन.” वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. म्हणजे हातात एक उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा होता. चाचणी घ्यायला याहून चांगली संधी नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला गच्चीवर पश्चिमेच्या कठड्याला एक फळांचं क्रेट मातीने भरून ठेवलं. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत तिथे ऊन असतं. त्यात घरात मिळतील त्या सगळ्या प्रकारच्या पाट्या खोचल्या. प्रत्येकीवर एकच नाव लिहिलं, ‘कढीपत्ता’, म्हणजे तुलना नीट व्हावी.

आईस्क्रीमच्या लाकडी काड्या पहिल्या पावसात फुगल्या, त्यांवर बुरशी आली आणि जुलैत मातीपाशी कुजून पडल्या. लॅमिनेट केलेला कागद दिसायला सगळ्यांत सुबक होता. पण दोरीसाठी भोक पाडलं की त्या भोकातूनच पाणी आत शिरतं. आतल्या कागदावर आधी पिवळा डाग, मग काळा. भोकासाठी कडेला नुसतं प्लॅस्टिक मोकळं सोडलं, तर थोडे जास्त दिवस जातात एवढंच. फरशीच्या तुकड्यावर ऑइल पेंटने लिहिलेलं नाव चांगलं टिकलं. वाफ्याच्या कडेला ठेवायला फरशी उत्तम, पण ती झाडाला लटकवता येत नाही.

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मी जास्त वेळ घालवला, कारण बहुतेक लोक तेच वापरतात. परमनंट मार्करचं काळं अक्षर मेअखेरीस तपकिरी झालं आणि सप्टेंबरमध्ये तिरपं धरून बघितलं तरच दिसत होतं. मार्करची शाई पाण्याला दाद देत नाही, पण तिच्यातला रंग ऊन मोडतं. ती पट्टी उपटली तेव्हा मातीत गाडलेल्या टोकावर सांडलेला मार्करचा ठिपका मात्र काळाकुळकुळीत होता. तिथे ऊन पोहोचलंच नव्हतं. तेव्हापासून मी कुंडीतल्या प्रत्येक पट्टीवर नाव दोनदा लिहिते, एकदा वर आणि एकदा मातीत जाणाऱ्या टोकावर. वरचं गेलं तरी पट्टी उपटून वाचता येतं.

तशाच पट्टीवर साध्या २बी पेन्सिलीने लिहिलेलं नाव होतं तसं राहिलं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट, कार्बनचंच एक रूप. त्याला ऊन काही करत नाही आणि पाण्यात तो विरघळत नाही. मात्र गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल उमटत नाही. आधी बारीक पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो. दह्याच्या किंवा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या कापून, घासून, पेन्सिलीने लिहिलं की गच्चीवरच्या कुंड्यांसाठी खर्च जवळजवळ शून्य. असे पातळ डबे उन्हात कडक होऊन तडकतात, पण एक-दोन हंगाम निघतात. टोमॅटो-वांग्याच्या रोपांना तेवढं पुरतं.

शेवटची चाचणी कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनची होती. कॅन कापून सपाट केला, खाली जुनं मासिक ठेवलं आणि रिकाम्या बॉलपेनने दाबून नाव लिहिलं. शाई नाहीच, नुसता खड्डा. या पाटीला उन्हाने काही झालं नाही, पावसाने काही झालं नाही. ॲल्युमिनियमवर हवेने एक पातळ थर आपोआप धरतो आणि तोच आतला धातू राखतो. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन गळतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो, तसं इथे होत नाही. फक्त कॅनचा पत्रा इतका पातळ असतो की वाऱ्याने पाटी चुरगळली आणि कडेने बोट कापलं.

म्हणजे उत्तर मिळालं होतं, पण पत्रा जाड हवा होता. आणि जाड पत्र्यावर बॉलपेन चालत नाही. बोहरी आळीत अक्षरांचे पोलादी पंच मिळतात, हातोडीने ठोकून एकेक अक्षर उमटवायचे. सेटमध्ये इंग्रजी अक्षरं असतात, आकड्यांचा सेट वेगळा. देवनागरीचा सेट मी विचारला त्या कुठल्याच दुकानात नव्हता. काना-मात्रा, जोडाक्षरं धरली तर किती पंच लागतील याचा विचार केल्यावर त्याचं नवल वाटलं नाही.

जुलैच्या शेवटी, पुण्यात तो भयंकर पाऊस झाला आणि सिंहगड रस्त्याकडे घरांत पाणी शिरलं त्या आठवड्यात, घराबाहेर पडणं शक्यच नव्हतं. मी फडताळ आवरायला काढलं. सासूबाईंचा पितळी डबा हातात आला. त्यावर त्यांचं नाव, खाली ‘पुणे’ आणि १९७२ साल. भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं. पन्नासहून जास्त वर्षं राख, चिंच, पितांबरी, काथ्या सगळं त्या डब्यावरून फिरलंय आणि ‘णे’ची मात्रासुद्धा शाबूत आहे. देवनागरीत, हव्या त्या धातूवर, हव्या त्या आकारात नाव घालून देणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक पेठेत बसलेली आहेत! मला इतका आनंद झाला की मी तो डबा घेऊनच खजिनदार काकूंकडे गेले. त्यांनी आपली दोन भांडी काढून दाखवली.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी क्रेटमधल्या सगळ्या पाट्या टेबलावर मांडल्या. कोटेशन्सचे कागद शेजारी ठेवले. ठराव झाला: ‘बाग देखभाल’ या खात्यातून २००० रुपयांपर्यंत खर्चास मंजुरी. एका सभासदाने विचारलं, भंगारातल्या सामानाचं बिल कोण देणार? रास्त प्रश्न होता, लेखापरीक्षणात तो येणारच. खजिनदार काकूंनी मार्ग सांगितला. जिथे छापील बिल मिळत नाही तिथे साध्या कागदावर वस्तू, वजन, दर, रक्कम, तारीख लिहून विक्रेत्याची सही घ्यायची आणि त्याला सोसायटीचं व्हाउचर जोडायचं. पाच हजारांच्या आतल्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही. मी एक छोटं पावतीपुस्तकच पर्समध्ये ठेवलं.

ऑक्टोबर नावं पक्की करण्यात गेला. या टप्प्याला घाई करू नये. पाटीवरचं नाव लोक खरं मानतात, मुलं तेच पाठ करतात. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या आवारात दोनदा येऊन गेले, त्यांचे उपकार विसरणार नाही. फाटकापाशी उंच, सरळसोट झाडांची रांग आहे, तिला आम्ही सगळे अशोक म्हणत होतो. ती आसुपालव निघाली. खरा सीताअशोक, नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ खोडालगत धरणारा, मागच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपटा आणि कांचनही आम्ही उलटसुलट म्हणत होतो. कांचनचं पान मोठं आणि पातळ, आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद.

वनस्पतिशास्त्रीय नावं बदलत असतात. सोनचाफा जुन्या याद्यांमध्ये मायकेलिया म्हणून आहे, आता तो मॅग्नोलिया चंपाका. आसुपालव पॉलिअल्थिया होता, आता मोनून. लंडनच्या क्यू उद्यानाचं ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ फुकट आहे. नाव टाकलं की सध्या मान्य असलेलं नाव तिथे कळतं. प्रत्येक नाव तिथे तपासून मगच यादीत घेतलं. ज्यांना एखाद्या झाडाची अगदी पक्की ओळख हवी आहे त्यांच्यासाठी पुण्यातच कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आम्हाला तिथवर जायची गरज पडली नाही.

दोन झाडांवरून बरीच चर्चा झाली. आपट्याला पाटी लावली तर दसऱ्याला लोक पानं ओरबाडतील, असं काहींचं म्हणणं होतं. पण बिनपाटीचा कांचन दर वर्षी आपटा समजून ओरबाडला जातच होता. शेवटी दोघांनाही पाटी लावायचं ठरलं आणि पानं तोडू नयेत अशी सूचना फळ्यावर लिहायचं ठरलं. दुसरं झाड चंदनाचं. पुण्यात चंदनाची झाडं रातोरात कापून नेल्याच्या बातम्या सतत येतात. त्याला पाटी नाही, सोसायटीच्या नकाशावरही नाव नाही. तुमच्याकडे चंदन असेल तर कृपा करून हेच करा. म्हणून झाडांच्या पाट्या ५२.

पत्र्याचा शोध छापखान्यात संपला. ऑफसेट छपाईची प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमचा सपाट, एकसारखा पत्रा असतो. एकदा छापून झालं की ती भंगारात जाते. लहान मशीनची प्लेट साधारण ०.१५ मिलिमीटर, मोठ्या मशीनची ०.३ मिलिमीटरपर्यंत. पुण्यात पेठांमध्ये एवढे छापखाने आहेत की विचारलं तर कुणीतरी देतंच. मी दिवाळीआधी गेले, तर मालक म्हणाले, “काकू, आता निवडणुकीचं काम आहे, श्वास घ्यायला वेळ नाही. वीस तारखेनंतर या, हव्या तेवढ्या प्लेटा मिळतील.” २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. त्यानंतर गेले आणि खरंच ढीग होता. २०० रुपये किलोने एक किलो घेतल्या, काही जाड, काही पातळ. त्यात सगळ्या १३६ पाट्या होऊन पत्रा उरला. प्लेटची एक बाजू रंगीत, रसायन लावलेली असते. आम्ही कोरी मागची बाजू वापरली. आधी साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजू धुतल्या.

पत्रा कापायला पत्र्याची कात्री घेतली, ३५० रुपये. घरातली कात्री पातळ प्लेट कापते, पण तिची धार जाते. झाडाची पाटी बारा बाय आठ सेंटिमीटर कापायची, मग वरची आणि खालची एकेक सेंटिमीटर कड मागे दुमडून पक्कडीने दाबायची. दुमडल्याने पाटी ताठ होते आणि हाताला कापत नाही. उरलेल्या दोन कडा कानशीने घासायच्या, कोपरे गोल करायचे. हे सगळं करताना हातमोजे घालाच. मुलांना मदतीला घेतलं ते फक्त दुमडायला, कापायला नाही.

नाव घालणाऱ्या काकांना दिवाळीआधीच विचारून ठेवलं होतं. धनत्रयोदशीच्या तोंडावर भांड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा अर्थातच “तुळशीचं लग्न झालं की या” हे उत्तर आलं. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, त्यांच्याकडे बसले. एका पाटीचे दहा रुपये ठरले. हातात ते विजेचं छोटं यंत्र, टोक थरथरत असतं आणि प्रत्येक थरथरीला पत्र्यावर एक ठिपका उठतो. ते रेघ ओढतच नाहीत, यंत्र हळूहळू सरकवतात आणि ठिपक्यांची माळ अक्षर होते. आधी शिरोरेघ, मग खाली अक्षरं लोंबकळवत जातात. ‘ताम्हण’ लिहिताना म आणि ह यांच्या जोडावर ते क्षणभर थांबले, माझ्या कागदाकडे बघितलं, आणि मग एका दमात पुढे गेले. मी यादी मोठ्या अक्षरात टाइप करून नेली होती, प्रत्येक नाव पाटीवर जसं हवं तसं, ओळी पाडून. तुम्हीही तशीच न्या. तोंडी सांगितलं तर ऱ्हस्व-दीर्घ आपल्या हातात राहत नाही. रोमन लिपीतली नावं त्यांनी यादीतून अक्षर अक्षर बघून घातली. प्रत्येक पाटीच्या मागे आमच्या वहीतला झाडाचा क्रमांकही घालून घेतला. शेवटच्या पाटीनंतर त्यांनी विचारलं, “काकू, ताम्हण म्हणजे ते जांभळ्या फुलांचं ना? आमच्या गावी वाटेवर होतं.” हो, तेच, महाराष्ट्राचं राज्यपुष्प.

झुडपांच्या पाट्या पातळ प्लेटच्या आणि आम्ही घरीच केल्या. खाली जाड मासिक, हातात शाई संपलेलं बॉलपेन. एकदा हलक्या हाताने नाव लिहायचं, मग त्याच रेघेवरून दोनदा दाबून. जोर मनगटाने नव्हे, खांद्यातून लावायचा, नाहीतर दहा पाट्यांत हात भरून येतो. इमारतीतल्या आठवी-नववीच्या मुलींनी डिसेंबरच्या सुट्टीत निम्म्याहून जास्त पाट्या केल्या आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आलं.

चकचकीत पत्र्यावरचा खड्डा उन्हात दिसत नाही, ही अडचण राहिली होती. त्यावर उपाय असा. पाटी बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासून चमक घालवायची. मग घरातला उरलेला काळा ऑइल पेंट चिंधीने पाटीभर चोळायचा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसायचा. वरचा रंग निघतो, खड्ड्यातला राहतो. पुढेमागे तो रंग उडाला तरी अक्षर जागेवर असतंच, पुन्हा चोळला की झालं.

बांधणं हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तांब्याची तार दिसायला छान, पण ती ॲल्युमिनियमला लागून ओली होत राहिली की ॲल्युमिनियम झिजतं. काळी बाइंडिंग तार गंजते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली जीआय तार घेतली, १६ गेज, ११० रुपये किलो, एका किलोत साठएक मीटर निघते. शक्य तिथे पाटी खालच्या फांदीला मोठ्या, सैल कडीत लटकवली, चार बोटं सहज जातील एवढी. फांदी खाली नसेल तिथे खोडाभोवती तार घेतली. पण त्या तारेचा काही भाग आधी पेन्सिलीवर गुंडाळून त्याची वेटोळी केली. खोड जाड होत गेलं की वेटोळी उलगडतात, तार सालीत रुतत नाही. झुडपांसाठी १० गेजच्या जाड तारेच्या खुंट्या केल्या, अर्ध्या हाताच्या, वरचं टोक वळवून त्यात पाटी अडकवलेली. ती तीन किलो तार ३०० रुपयांना आली. पाटीला भोक पाडायला लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून खिळा ठोकायचा आणि मागची धार कानशीने घासायची. या सगळ्या कामात खिळ्याचा उपयोग तेवढाच!

हिशेब असा: प्लेटा २००, नाव घालणं ५२०, दोन्ही तारा ४१०, पत्र्याची कात्री ३५०, कानस १२०, पॉलिश पेपर ४०, पेन्सिली ३०. एकूण १६७० रुपये. १३६ पाट्यांना भागलं तर एकीला सव्वाबारा रुपयांच्या आसपास. कात्री आणि कानस सोसायटीच्या कपाटात आहेत. ३३० रुपये खात्यात परत गेले आणि सगळी व्हाउचर्स लेखापरीक्षणात विनाशंका पास झाली.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि बराच लांबला, त्यामुळे परीक्षा चांगली झाली. दसऱ्यानंतर माळीमामा आणि मी वही घेऊन फिरलो. झाडांच्या ५२ पाट्यांपैकी ५१ जागेवर होत्या आणि सगळ्या वाचता येत होत्या. बहाव्याची फांदी वादळात मोडली तिच्याबरोबर एक गेली. मागचा क्रमांक वहीत असल्याने नवी करायला पाच मिनिटं पुरली. झुडपांच्या खुंट्यांपैकी काही गवत कापताना वाकल्या होत्या, त्या आता अंगठ्याएवढ्या अंतराने रोपाच्या जवळ सरकवल्या आहेत, म्हणजे यंत्र तिथवर जाणार नाही. ओल्या कोपऱ्यातल्या दोन-तीन पाट्यांवर हिरवट शेवाळ धरलं होतं, जुन्या टूथब्रशने निघालं. जांभळीच्या खोडावरची वेटोळी एक-दोन पिळांनी उलगडलेली दिसली, म्हणजे युक्ती चालली. तरीही तारा दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हाताने तपासून सैल करायच्या, असं वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आणि त्याखाली माळीमामांची सही आहे.

शेजारच्या सोसायटीने परवा चौकशी केली. त्यांना यादीचा नमुना आणि उरलेला पत्रा दिलाय. त्यांच्याकडे सत्तरएक झाडं आहेत, तेव्हा नाव घालणाऱ्या काकांकडे त्यांनी लग्नसराईच्या आधीच जावं असं सुचवलंय.